‘ॲट्रोशस’ : एका विशेषणाची बखर

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा करून श्रोते येतात. त्यांना आज एका विशेषणाची हकिकत ऐकावी लागणार आहे. परंतु शब्दांनाही कुळ असते, स्थलांतरे असतात, चढउतार असतात. आणि काही शब्द तर असे असतात की, त्यांचा प्रवास नीट पाहिला म्हणजे कोणाच्या हाती सत्ता होती आणि कोणाच्या पाठीवर वळ उठले होते हे तवारिखांपेक्षाही स्वच्छ कळून येते. इंग्रजीतील ‘ॲट्रोशस’ हे विशेषण अशा शब्दांपैकी एक होय.

आजच्या इंग्रजीत या शब्दाचे ठायी ठायी दर्शन घडते ते किरकोळ कामावर. कोणाचे अक्षर ॲट्रोशस असते, कोणाचे उच्चार. हवा ॲट्रोशस असते आणि उपाहारगृहातील कॉफी तर बहुधा असतेच. म्हणजे ‘फार वाईट’ एवढाच त्याचा अर्थ. पण याच शब्दाचे सख्खे भावंड, ‘ॲट्रॉसिटी’ हे नाम, त्याच्या वाटेला कधी गेले नाही. कत्तली, जाळलेली गावे, विटंबना यांच्याखेरीज त्या नामाला दुसरे काम ठाऊक नाही. आपल्या महाराष्ट्रात तर ते नाम इतके रुळले आहे की, ज्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही असा शेतमजूरही ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला काय ते उमगते. एकाच घरातली ही दोन भावंडे इतकी दूर कशी गेली, आणि त्यांतल्या वजनदार भावंडाने कोणाच्या दुःखाची बाजू घ्यावयाची हे कोणी ठरविले, एवढाच आजचा विषय आहे.

मूळ शब्द लॅटिन आहे : ‘आट्रॉक्स’. त्याचे दोन तुकडे पडतात. पहिला ‘आटेर’ म्हणजे काळा. रोमन लोकांजवळ काळ्या रंगाला दोन शब्द होते. चकाकणारा काळा तो ‘निगेर’, आणि ज्याला तेज नाही, जो काजळीसारखा किंवा जळक्या लाकडासारखा मुका आहे, तो ‘आटेर’. अशुभ दिवसालाही ते हेच विशेषण लावीत. त्यांच्या महिन्यात तीन मुख्य तिथी असत. त्या प्रत्येकीचा दुसरा दिवस ‘आटेर’ समजला जाई आणि त्या दिवशी शहाणा माणूस नव्या कामाला हात घालीत नसे. आपण ‘काळा दिवस’ म्हणतो तो काही त्यांच्याकडून घेतलेला नाही. पण माणसाच्या मनाला सुचणाऱ्या गोष्टी बऱ्याच ठिकाणी सारख्या असतात. काही भाषापंडित याहूनही मागे जातात आणि ‘आटेर’चे नाते अवेस्तातील ‘आतर्’ म्हणजे अग्नी या शब्दाशी जोडतात. मुंबईच्या आतशबेहरामातला ‘आतश’ तो हाच. तसे असेल तर ‘आटेर’ म्हणजे विस्तवाने काळे केलेले. या व्युत्पत्तीला सर्वांचीच मान्यता नाही; मला मात्र ती पटते.

दुसरा तुकडा अधिक महत्त्वाचा आहे. ‘ऑक्स’ याचा संबंध पाहण्याशी आहे, डोळ्याशी आहे. लॅटिनातील ‘ओकुलुस’ आणि आपल्या संस्कृतातील ‘अक्षि’ ही एकाच मुळाची अपत्ये. त्याच मुळाचा हा प्रत्यय. ‘फेरॉक्स’ म्हणजे रानटी दिसणारा, त्यावरून इंग्रजी ‘फेरोशस’. तसाच ‘आट्रॉक्स’ म्हणजे काळा दिसणारा, ज्याच्याकडे पाहताच छाती दडपते असा. हे ध्यानात ठेवावयाचे ते अशासाठी की, आपला ‘अत्याचार’ हा शब्द आचाराची मर्यादा ओलांडणाऱ्याकडे बोट दाखवितो. ‘आट्रॉक्स’ त्या कृत्याकडे पाहणाऱ्याला गृहीत धरतो. पाहणारा कोणी नसेल, किंवा असून त्याने मान फिरविली असेल, तर ‘आट्रॉक्स’ असे काही उरतच नाही. या शब्दाचा पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीत बीजरूपाने आहे.

लॅटिनात हा शब्द केवळ निंदेचा नव्हता. सीझरपुढे मान न वाकविता इ. स. पूर्व ४६ मध्ये उटिका येथे स्वतःचा प्राण घेणारा केटो होता; त्याच्या मनाला होरेस या कवीने हेच विशेषण लाविले आहे, आणि ते गौरवाने. सारे जग वाकले, तो कठोर वाकला नाही, असा त्याचा भाव. टॅसिटस आपल्या इतिहासग्रंथाच्या आरंभी, आपण ज्या काळाची कथा सांगत आहोत तो काळ लढायांच्या बाबतीत ‘आट्रॉक्स’ होता असे सांगतो. पण कवी आणि इतिहासकार यांना आपण येथेच सोडू. कारण या शब्दाचे खरे भवितव्य ठरले ते वकिलांच्या हातून.

दुसऱ्या शतकात गायस नावाचा एक रोमन विधिज्ञ होऊन गेला. त्याने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले कायद्याचे पाठ्यपुस्तक पुढे हरवले. जवळजवळ सबंध ग्रंथ हाती आला तो १८१६ साली, व्हेरोना येथील ग्रंथालयात. एका चर्मपत्रावरील जुनी अक्षरे खरवडून त्यावर संत जेरोमची पत्रे लिहिलेली होती. नीबूर या जर्मन इतिहासकाराला त्या पत्रांच्या खाली गायस सापडला. धर्मपत्रांच्या खाली कायदा दडलेला असावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. असो. या गायसाने ‘आट्रॉक्स इंजुरिया’ म्हणजे घोर अपमान किंवा घोर इजा कशाला म्हणावे हे सांगितले आहे. तो म्हणतो, घोरपणा तीन गोष्टींवरून ठरतो. एक, कृत्यावरून : जखम केली, दांडक्याने झोडपले. दुसरी, जागेवरून : भर नाट्यगृहात किंवा भर चौकात अपमान केला. तिसरी, व्यक्तीवरून : अधिकाऱ्याचा अपमान झाला, किंवा हलक्या माणसाने सेनेटराचा केला. पुढे ५३३ साली जस्टिनियन बादशहाच्या कायदेपंडितांनी त्यात आणखी एकाची भर घातली. घाव कोठे बसला यावरूनही कृत्य घोर ठरू शकते, जसा डोळ्यावर बसलेला.

आता या तिसऱ्या कसोटीकडे जरा बारकाईने पाहा. तीच शिवी, तीच थप्पड. सेनेटराला बसली तर घोर. सेनेटराने मारली तर साधी. आणि गुलामाला? गायस येथे अगदी स्वच्छ बोलतो. गुलामाचा स्वतःचा असा अपमान होऊच शकत नाही. झालाच तर त्याच्या द्वारे त्याच्या धन्याचा होतो. त्याला कोणी शिव्या दिल्या किंवा ठोसा मारला तर दाव्याला जागा नाही. कोणी धन्याची अप्रतिष्ठा व्हावी अशा रीतीने त्याला फटके मारले, तर दावा आहे, पण तो धन्याचा. पाठ गुलामाची, वळ गुलामाचे, आणि नुकसानभरपाई धन्याला! रोमन कायद्याची थोरवी मला मान्य आहे. त्याच्यावाचून युरोपचा कायदा उभा राहिला नसता. पण ‘आट्रॉक्स’ या शब्दाचे डोळे त्या काळी फक्त वरच्या पायरीवरून खाली पाहत होते, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

इंग्रजीत प्रथम नाम आले, सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. विशेषण शतकाहून अधिक काळाने, १६६० नंतरच्या दशकात. दोन्ही आली ती पंडितांच्या बोटाला धरून, आणि दीडदोनशे वर्षे गंभीरपणे वागली. ॲट्रोशस म्हणजे अत्यंत क्रूर, अत्यंत पातकी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेषण घसरले आणि केवळ ‘फार वाईट’ या अर्थाने वापरले जाऊ लागले. यात नवल काही नाही. ‘ऑफुल’ म्हणजे एके काळी ज्याच्यापुढे भीतियुक्त आदराने नतमस्तक व्हावे असे. १८१६ साली पिकरिंग नावाच्या अमेरिकन कोशकाराने नोंदविले आहे की, न्यू इंग्लंडातील लोक बेचव औषधालाही ‘ऑफुल’ म्हणतात. ‘टेरिबल’, ‘हॉरिबल’, ‘ड्रेडफुल’ यांची तीच गत. इंग्रजांना हसण्याचे मात्र कारण नाही. आपण ‘भयंकर’ या शब्दाचे काय केले? ‘भयंकर गोड’, ‘भयंकर आवडले’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो आणि त्यातल्या भयाची कोणाला आठवणही होत नाही. विशेषणे ही नाण्यांसारखी असतात. हातोहात फिरली की झिजतात.

नाम का झिजले नाही, हा खरा प्रश्न. माझे उत्तर असे की, ज्या सुमारास विशेषण चहाच्या टेबलावर येऊन बसत होते, त्याच सुमारास नामाला राजकारणाने कामाला लावले.

१८७६ सालच्या वसंतात बल्गेरियात तुर्की सत्तेविरुद्ध उठाव झाला. तो चिरडण्यासाठी सोडलेल्या बेशिस्त फौजांनी गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. बाटाक या एका गावात हजारो माणसे मारली गेली, चर्चमध्ये आश्रय घेतलेली बायकामुलेही. जूनमध्ये लंडनच्या ‘डेली न्यूज’ने बातमी छापली. पंतप्रधान डिझरेली यांनी ती कॉफीगृहातली बडबड म्हणून उडवून लाविली. कारण रशियाला आवरावयाचे तर तुर्क हवा होता. पुढे मॅकगॅहन हा अमेरिकन वार्ताहर स्वतः बाटाकला गेला आणि त्याने डोळ्यांनी पाहिले ते लिहिले. सप्टेंबरच्या आरंभी ग्लॅडस्टन यांची पुस्तिका निघाली. महिनाभरात तिच्या सुमारे दोन लाख प्रती खपल्या. ‘बल्गेरियन ॲट्रॉसिटीज’ हे शब्द इंग्लंडातल्या प्रत्येक सभागृहात घुमू लागले. एका शब्दाने परराष्ट्रधोरणाला अडविण्याची अशी उदाहरणे थोडी आहेत. याच डिझरेलींनी १८५७ च्या सप्टेंबरात, हिंदुस्थानवर सूड घ्या म्हणून सारे इंग्लंड ओरडत असताना, अत्याचारांना अत्याचारांनी उत्तर देण्यास आपला विरोध आहे असे जाहीर सभेत सांगितले होते. माणसाची दृष्टी पदाबरोबर बदलते ती अशी.

ग्लॅडस्टन यांचे मोठेपण मी नाकारीत नाही. पण त्यांनी फौजांचा दोष सबंध तुर्क जातीवर टाकला, आणि पुढच्याच वर्षी रशियाच्या स्वारीत बल्गेरियातील मुसलमान शेतकऱ्यांची ससेहोलपट झाली तेव्हा तो शब्द तितक्या मोठ्या आवाजात उच्चारला गेला नाही. आणखी एक तारीख जोडून ठेवावी. ज्या सप्टेंबरात ती पुस्तिका लंडनमध्ये हातोहात खपत होती, त्याच सप्टेंबरात दख्खनवर पाऊस रुसला होता. पुणे, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांत खरीप करपले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस महाराणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार भरला. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असे ठरविले. दगड फोडणाऱ्या माणसाला अर्धा शेरही नाही! धान्य परदेशी जात होते ते जातच राहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. दोन वर्षांत देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. इंग्लंडात त्यासाठी सभागृहे घुमली नाहीत. उपाशी मरणाऱ्या माणसाकडे पाहताना डोळ्यांपुढे तलवार दिसत नाही; म्हणून ते दृश्य ‘आट्रॉक्स’ ठरत नसावे.

पहिल्या महायुद्धात या नामाला वेगळाच अपघात झाला. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियमच्या दिनां गावात ६७४ नागरिक मारले, लूव्हाँचे ग्रंथालय जाळले. हे सारे खरे. पण १९१५ च्या मे महिन्यात लॉर्ड ब्राइस यांच्या समितीचा जो अहवाल निघाला, त्यात शपथेवर न घेतलेल्या, नावे न दिलेल्या जबान्यांच्या आधारावर खऱ्याबरोबर खोट्याच्याही राशी ओतल्या होत्या. युद्ध संपल्यावर लोकांना ते कळले. १९२८ साली पॉन्सन्बी यांनी युद्धकाळातील असत्यांवर एक ग्रंथच लिहिला. परिणाम असा झाला की, ‘ॲट्रॉसिटी’ हा शब्द ऐकला की सुशिक्षित माणूस ‘पुन्हा तीच भाकडकथा’ म्हणून हसू लागला. आणि मग हिटलरच्या छावण्यांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा त्या खऱ्या असूनही पुष्कळांना खऱ्या वाटेनात. १७ डिसेंबर १९४२ रोजी ईडन यांनी ज्यूंच्या संहाराविषयीचे दोस्त राष्ट्रांचे निवेदन पार्लमेंटात वाचले आणि सभागृह स्तब्ध उभे राहिले. पुढील वर्षी मॉस्को येथून रूझवेल्ट, चर्चिल, स्टालिन यांच्या सहीने निघालेल्या निवेदनाच्या मथळ्यातच हा शब्द आला. खोट्याने डागाळलेला शब्द पुन्हा खरा व्हावयास लक्षावधी माणसांचे प्राण लागले.

आता आपण घरी येऊ. १९५५ साली अस्पृश्यतेच्या अपराधांविरुद्ध कायदा झाला. १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षणाचा कायदा असे नाव मिळाले. पण विहिरीवर येऊ न देणे, हॉटेलात वेगळी कपबशी ठेवणे, येथवरच त्याची धाव. १९६८ च्या नाताळात तंजावरकडील किळवेण्मणी येथे ४४ दलित स्त्रीपुरुष व मुले एका झोपडीत जाळली गेली. १९७४ साली आपल्या अकोला जिल्ह्यात दोन दलित भावांचे डोळे काढण्यात आले. १९७७ साली बिहारात बेलछी झाले, १९७८ साली मराठवाडा पेटला. यांना ‘अस्पृश्यता’ हा शब्द पुरेना. मग सप्टेंबर १९८९ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावात हा शब्द आला, आणि हिंदी-मराठी नावांत ‘अत्याचार’. ३० जानेवारी १९९० पासून तो अंमलात आहे.

या कायद्यात ‘ॲट्रॉसिटी’ची व्याख्या मोठी विलक्षण आहे. क्रूरता, घोरपणा यांचे वर्णन तिच्यात नाही. कलम ३ खाली जो शिक्षेस पात्र तो अपराध म्हणजे ॲट्रॉसिटी, एवढेच. आणि कलम ३ म्हणजे एक यादी आहे : अखाद्य वस्तू खावयास लावणे, दारात घाण किंवा मेलेले जनावर टाकणे, नग्न करून किंवा तोंडाला रंग फासून धिंड काढणे, जमीन बळकावणे, पाणी नासविणे, वहिवाटीचा रस्ता अडविणे, गाव सोडावयास लावणे. खेड्यात राहिलेल्या माणसाला यातली एकही ओळ समजावून सांगावी लागत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे झाले, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना पाण्याचे कलम वाचताना वेगळा संदर्भ लागत नाही. त्याच यादीत एक कलम असे आहे की, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा कोणत्याही जागी अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीचा, पाणउतारा करण्याच्या हेतूने, अपमान करणे हा अपराध होय. येथे गायसची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कृत्य, जागा आणि व्यक्ती या त्याच तीन कसोट्या! भर चौक तोच, फक्त त्याचे नाव ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशी जागा’. पण तिसरी कसोटी उलटी केली आहे. रोममध्ये हलक्याने थोराचा केलेला अपमान घोर होता. येथे समाजाने हलका ठरविलेल्याचा, त्याच्यावर मोठेपणा गाजविणाऱ्याने केलेला अपमान घोर ठरला. सतराअठराशे वर्षांत शब्दाची नजर खालून वर वळली. मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गायस होता असे मला म्हणावयाचे नाही. म्हणूनच हे साम्य मला अधिक विचारात टाकणारे वाटते.

शब्द कायद्यात शिरला म्हणून तो न्यायालयात टिकतोच असे नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांना जमावाने ठार केले. २००८ साली सत्र न्यायालयाने आरोपींना खुनासाठी दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाने ती बदलून पंचवीस वर्षांची कैद केली. पण ॲट्रॉसिटीचा कायदा या घटनेला लागू होत नाही, हेच दोन्ही ठिकाणी ठरले. वैरातून झालेला खून, असे मानले गेले. म्हणजे ज्या कृत्याला इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘ॲट्रोशस’ म्हटले असते तर कोणी आक्षेप घेतला नसता, ते कायद्याने ‘ॲट्रॉसिटी’ नव्हते! विशेषण आणि नाम यांच्यातली फारकत याहून स्पष्ट दाखविता येणार नाही.

आणि १८७६ पासून या नामाच्या पाठीस लागलेला प्रश्न, ‘खरे की बडबड?’, येथेही सुटला नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी, कायद्याचा दुरुपयोग होतो या कारणास्तव, अटकेपूर्वी परवानगी आणि प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. देशभर क्षोभ उसळला. ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून त्या अटी निष्प्रभ केल्या. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश स्वतःच मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी दुरुस्तीही वैध ठरविली. खोट्या फिर्यादी प्रत्येक कायद्याखाली होतात; पण चोरीच्या कायद्याविषयी बोलताना आपण पहिले वाक्य खोट्या फिर्यादींविषयी उच्चारीत नाही. या कायद्याविषयी उच्चारतो.

त्याची साक्ष आपली मराठीच देते. इंग्रजीत ‘अमक्याने ॲट्रॉसिटी केली’ म्हटले तर अमका गुन्हेगार असतो. तालुक्याच्या गावी, कचेरीच्या आवारात, एस. टी. च्या थांब्यावर कान देऊन ऐकावे. तेथे हा शब्द स्त्रीलिंगी झाला आहे. ती ‘लागते’, ‘पडते’, ‘टाकली जाते’. आणि ‘त्यानं माझ्यावर ॲट्रॉसिटी केली’ हे वाक्य तेथे जो बोलतो, तो मार खाल्लेला माणूस नसतो. ज्याच्यावर फिर्याद झाली, तो असतो.